फ्यूज खिशात असताना फिरलेली डिश

आधीच सांगतो, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय...

२००४ साल. हिंजवडीत नोकरी. उपग्रहाकडे अचूक रोखून धरायच्या डिश अँटेनाचं कंट्रोल आम्ही बनवत होतो. आडवं फिरवायची मोटर वेगळी, वर-खाली करायची वेगळी. प्रत्येकीला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर – आणि दोघांनी केबलवरून बोलत एकमेकांना सांभाळून घ्यायचं. जावा-जावांचा संसारच म्हणा ना! चाचणीची डिश मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला, तिथल्या किसनमामा नावाच्या शेतकऱ्याकडून भाड्याने घेतलेल्या माळावर होती.

आमचा एक नियम होता – डिशवर चढणाऱ्याने दोन्ही मोटरींचे फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे. म्हणजे खालून कुणी चुकून बटण दाबलं तरी डिश हलणार नाही. त्या दुपारी माझा सहकारी प्रसाद तसाच चढला. डिश समोर तोंड करून उभी, दोन मजले उंच. कमरेच्या सुरक्षा-पट्ट्याचा हुक अडकवण्याआधीच त्याचा पाय सटकला, शिडी कोसळली... आणि तो डिशच्या तोंडासमोरच्या लोखंडी दांड्याला लोंबकळला. खाली काँक्रीट.

शिडी मला एकट्याला उचलेना. किसनमामा म्हशी सोडून धावत आले.

"सायेब, बटन दाबा की! पोरगं पडतंय न्हवं!"

"करंटच नाही मामा! फ्यूज त्याच्या खिशात आहेत!" मी रडायच्या बेतात होतो.

आणि डिश हलली.

सावकाश, एकही गचका न खाता वर उठत गेली. प्रसाद ज्या बाजूला झुलत होता, त्याच बाजूला वळतही गेली – दोन्ही हालचाली एकदम! तिचा खोलगट भाग त्याच्या पायांखाली आला, तो अलगद आत टेकला, आणि ती थांबली.

"करंट न्हाई म्हनता, आन ही तर फिरतीया!" मामांनी हात जोडले.

मामांनी आणि मी मिळून शिडी उभी केली. खाली उतरल्यावर प्रसादने खिशातून फ्यूज काढून दाखवले. दोन्ही. वारा म्हणाल तर पानही हलत नव्हतं. शिवाय करंट गेला की मोटरींचे ब्रेक आपोआप आवळले जातात. आम्ही सगळं उघडून पाहिलं – काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्यूज लावून तीच हालचाल करून पाहिली. डिश नेहमीसारखी गचके खात वर गेली.

"काल अशी उठली असती ना, तर माझे हात सुटले असते रे," प्रसाद म्हणाला.

आदल्या दिवशी ती कुणी चालवली, मला आजही माहीत नाही.