मागं बघायचं न्हाय

डिसेंबरातल्या एका सकाळी आनंदा कांबळे कामावर जाताना चढावर सायकलवरून पडला आणि दुपारी सरकारी दवाखान्यात वारला. मी त्याच्या पुढे होतो. एवढं सगळ्यांना माहीत आहे. उरलेलं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आईला तिच्या अखेरच्या दिवसांतही नाही.

तुम्ही मला ओळखत नाही, तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं होत नाहीये. एक वाक्य लिहितो, उठतो, दाराची कडी लागली आहे का बघून येतो. कोण येणार आहे? ज्यांची भीती होती ती माणसं आता येणार नाहीत. तरी कडी बघतो.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. शिरगावच्या बाजूला एका कारखान्यात आम्ही दोघे कामाला होतो. मी ऑफिसात, आनंदा मशीनशॉपमध्ये तपासणीला. बरोबरीचे बरेचजण मोपेडवर यायला लागले होते, आम्ही सायकलवरच राहिलो. मी शिवाजी पेठेतून निघायचो, तो राजारामपुरीच्या कोपऱ्यावर एक पाय जमिनीला टेकून उभा असायचा. मी जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचत बसायचो म्हणून त्याने मला मास्तर नाव पाडलं होतं. पुढे सगळा कारखाना मास्तर म्हणू लागला.

नाक्यापर्यंत आम्ही शेजारी शेजारी चालवायचो. तो बोलायचा, मी ऐकायचो — आदल्या दिवशीची फुटबॉलची मॅच, सुपरवायझरची नक्कल, प्रज्ञाने, म्हणजे त्याच्या मुलीने, बालवाडीत काय केलं ते. नाका ओलांडला की बोलणं बंद. तिथून शर्यत. पुढे एक लांब चढ होता. त्याला नाव नव्हतं, आम्ही त्याला गमतीने घाट म्हणायचो. घाटाच्या माथ्यावर चहाची टपरी. जो आधी टपरीच्या बाकड्याला हात लावेल तो जिंकला. हरलेल्याने दुपारी दोघांचे डबे घासायचे.

या डब्यांबद्दल एक सांगायला हवं. आमच्या आईला हे कळलं असतं तर तिने काय म्हटलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी ते घरी कधी बोललो नाही. कारखान्याच्या नळावर मी आनंदाचा डबा राखेने घासायचो आणि तो मागे उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "मास्तरांचा हात डबं घासायला लई बेस बसलाय की रं!" सगळे हसायचे. मीही हसायचो. आपण किती मोठ्या मनाचे, असं मला तेव्हा वाटायचं. घरी मात्र एक अक्षर नाही. म्हणजे गप्प बसणं मला त्या सकाळीच जमलं असं नाही. ते मला आधीपासून येत होतं.

आणि शर्यतीचा एक नियम होता. तो आनंदानेच केलेला. चढ लागला की मागं बघायचं न्हाय. जो मागे वळून बघेल तो तिथेच हरला, मग तो कितीही पुढे असो. नियम केला त्यानेच आणि मला तो मोडायला लावायचाही तोच. मी पुढे निघालो की मागून सुरू व्हायचं — "ओ मास्तर, चेन उतरलीया बघा!" "मास्तर, पुस्तक पडलं की वो पिशवीतनं!" पुस्तकाला मी दोनदा फसलो. दोन्ही वेळा वळून बघितलं, पुस्तक जागेवर होतं आणि आनंदा हसत हसत बाजूने पुढे गेला. त्यानंतर मी ठरवून टाकलं होतं, तो काहीही ओरडो, मान वळवायची नाही.

आता तुम्हाला वाटेल, पुढचं कळलं. त्या सकाळी त्याने हाक मारली, याला वाटलं नेहमीची थट्टा, आणि हा वळला नाही. असं झालं असतं तर मी इतकी वर्षं कडी का बघत बसलो असतो?

त्या सकाळी धुकं होतं. हंगाम सुरू होता, उसाच्या गाड्या रस्त्यावर होत्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, आणि चढावर मागची ट्रॉली डुलते. बाजूंनी ऊस बाहेर आलेला असतो. रोज जाणारा माणूस इंजिनाचा आवाज ऐकला की सायकल कडेला घेतो. मीही घेतली. मी पुढे होतो, आनंदा मागे — फार मागे नाही, त्याच्या पायडलची करकर मला ऐकू येत होती. मग इंजिनाचा आवाज जवळ आला आणि करकर ऐकू येईनाशी झाली.

मग काहीतरी आपटलं. मग हाक आली. "मास्तर!"

एवढीच. पुढे चेन नाही, पुस्तक नाही. आनंदाची थट्टा कधी एका शब्दाची नसायची. आणि तो आवाज — तो कसा होता हे मी अनेकदा लिहून बघितलं आणि खोडलं. मोठा नव्हता. जवळच्या माणसाला मारावी तशी हाक होती ती, मी त्याच्या शेजारीच उभा असल्यासारखी.

मी पायडल मारत राहिलो. एवढ्यात ट्रॅक्टर माझ्या बाजूने पुढे जाऊ लागला. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली. दुसऱ्या ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाला आनंदाची डब्याची पिशवी लटकत होती.

निळी, जाड कापडाची, एका बंदाला लाल ठिगळ. सुजाता वहिनींनी शिवलेली. ती माझ्या तोंडासमोरून हलत हलत गेली आणि धुक्यात शिरली. तिच्यातल्या डब्याचा आवाजही मी ऐकला.

आता सांगा, थट्टा आहे असं मला वाटू शकलं असतं का?

मला भीती वाटली. वळलो तर काय दिसेल, हे मला नको होतं. रक्त दिसेल, पोलीस येतील, कोर्टात उभं राहावं लागेल — त्या काळी अपघातातल्या माणसाला हात लावायला लोक भीत. पण हे सगळं मी नंतर जुळवलं. त्या क्षणी एवढंच होतं, की मान वळवली नाही तर मागे अजून काहीच झालेलं नाही. आणि डोक्यात आनंदाचाच नियम — मागं बघायचं न्हाय, मागं बघायचं न्हाय. तो मी जपासारखा म्हणत राहिलो. चढ मी इतक्या जोरात कधी चढलो नव्हतो.

माथ्यावर पोचलो आणि बाकड्याला हात लावला. हो, लावला. टपरीवाला म्हणाला, "आज एकटंच? जोडीदार कुठं हाय?" मी म्हणालो, "येतोय मागनं." आणि दोन चहा सांगितले.

दोन. ते का सांगितले, हे मला माहीत आहे. पुढे कुणी विचारलंच तर टपरीवाल्याने सांगावं, की याला काहीच ठाऊक नव्हतं, यानं दोघांचा चहा सांगितला होता. इतकं सगळं सुचण्याइतका मी शुद्धीवर होतो. माझा कप हातात होता, त्याचा बाकड्यावर. त्याच्या चहावर साय धरली. मी सायीकडे बघत बसलो.

खालून एक सायकलवाला धापा टाकत आला आणि म्हणाला, चढावर माणूस पडलाय, उसाच्या गाडीनं उडवलं वाटतं. लोक उठले, मीही उठलो. दचकल्यासारखं केलं. ते मला चांगलं जमलं. आम्ही खाली पोचलो तेव्हा तिथे फक्त सायकल होती. एका दूधवाल्याने कॅन बाजूला सारून आनंदाला टेंपोत घातलं होतं आणि तो निघूनही गेला होता.

दवाखान्यात मी बाकावर बसलो होतो. आनंदा आत होता, बेशुद्ध. डॉक्टर कुणाला तरी म्हणाले, जरा आधी आणायला हवं होतं. ते कुणाकडे बघून म्हणाले मला माहीत नाही, मी फरशीकडे बघत होतो. आधी आणलं असतं तर तो जगला असता का? नसता का? हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही.

ज्या गोष्टीपाशी यायला मला इतका वेळ लागला, ती यापुढची आहे. मागे न वळणं हे कदाचित माझ्या पायांनी केलं असेल. पण दवाखान्यातल्या बाकावर मी नीट विचार करत होतो. आनंदा शुद्धीवर आला तर पहिल्यांदा काय म्हणेल? म्हणेल, मास्तरला हाक मारली, मास्तर थांबला न्हाय. समोर वहिनी उभ्या होत्या, प्रज्ञाला कडेवर घेऊन. त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, डोळं उघडतील न्हवं? आणि मी मनात म्हणत होतो, त्याने डोळे उघडू नयेत. हे मला चुकून वाटून गेलं असं नाही. मी ते मागत होतो. हात जोडून मागत होतो, आणि बघणाऱ्यांना वाटत असणार, मित्रासाठी प्रार्थना करतोय.

दुपारी तो गेला. मला पहिल्यांदा हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरासमोर मांडव होता. बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींशेजारी आनंदाचा फोटो, कारखान्याच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला. वंदना झाली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी त्याच्या थट्टेखोर स्वभावाबद्दल बोललो. लोक रडत रडत हसले. नंतर पंगत बसली तेव्हा वहिनी माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, तुम्ही म्होरं व्हता न्हवं? त्यांनी हाक मारली व्हती का वो?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. मला काही ऐकू आलं नाही."

त्यांनी श्वास सोडला. "मग जीवाला लई तरास झाला नसंल," त्या म्हणाल्या. पुढे कितीतरी वर्षं त्या येईल त्याला तेच सांगायच्या. हाक मारायलाबी येळ मिळाला न्हाय त्यांना. माझ्या खोट्याने त्यांना आधार मिळाला असं कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही, कारण त्यांचं दुसरं वाक्य मला आठवतं. "पर डबा कुठं गेला वो भावजी? सायकल गावली, चप्पल गावली. डबाच न्हाय."

तेवढ्यात दारात तो दूधवाला येऊन उभा राहिला. महादू नाव त्याचं. धुतलेला सदरा घालून लांबून आला होता. आनंदाच्या मेहुण्याने उठून त्याला विचारलं, "काय पावणं, डबा गावला का तुमास्नी?"

महादूला आधी कळलंच नाही. "कसला डबा?"

"जेवणाचा. सायकलला व्हता."

"मला न्हाय दिसला डबा," तो म्हणाला. "मी माणूस उचलला."

त्याला बसा म्हणायला कुणी उठलं नाही. मी हात लांब केला असता तर त्याच्या सदऱ्याला लागला असता, इतक्या जवळ होतो. डबा उसाला अडकून गेला, मी पाहिला — इतकंच म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता. पाहिलास, तर थांबला का नाहीस? मी पत्रावळीकडे बघत राहिलो. महादूने फोटोला हात जोडले आणि तो न जेवता गेला. त्या चढावर एकच माणूस आनंदासाठी थांबला होता, आणि त्या घरात पुढे त्याचं नाव निघालं ते डब्याच्या चोरीसाठी. वहिनी म्हणायच्या, मरणाऱ्या माणसाचा डबा नेणारी बी माणसं असतात भावजी. मी मान हलवायचो.

मी पुन्हा सायकल चालवली नाही. बसने जायचो. चढ लागला की डोळे मिटायचो. पुढे कारखान्याने नवी जागा घेतली, रस्ता चौपदरी झाला, चढ खोदून सरळ केला, टपरी गेली. प्रज्ञाच्या शाळेच्या वेळी, तिच्या नोकरीच्या वेळी, लग्नाच्या वेळी वहिनींनी मला बोलावलं. मी प्रत्येक वेळी गेलो. जाताना दर वेळी वाटायचं, आज विचारतील. दर वेळी जेवून परत आलो. महादूचं गाव मला माहीत होतं. तिथे मी एकदाही गेलो नाही.

मागच्या महिन्यात सुजाता वहिनी गेल्या. मी लिहायला बसलो तो त्यानंतर. त्या असताना बसलो नाही. यालाही दुसरं नाव नाही, तोच भित्रेपणा.

आनंदाने मला हाक मारली होती. मी ती ऐकली होती. डबा उसाच्या ट्रॉलीबरोबर गेला, महादूने तो घेतला नव्हता. प्रज्ञा मला काका म्हणते आणि परवा तिने आईच्या ट्रंकेत सापडलेलं निळं कापड आणून दिलं, पिशवी शिवून उरलेलं, तुमच्याकडे असू द्या म्हणून. ते टेबलावर आहे.