सहाफुटी मॅडम

ही बाई उलटी चालायची. आमच्या दुकानात पोस्टर छापून झालं की ते भिंतीवर दोन चिमट्यांनी लटकवायचं, आणि मग मॅडम पोस्टरकडे तोंड ठेवून मागे मागे सरकायच्या, सहा फूट भरेपर्यंत. आता आमचं दुकान मुळात नऊ फुटांचं, त्यातले पाच मशीननं खाल्लेले. त्यामुळे बाकीचे फूट रस्त्यावर भरायला लागायचे. एकदा अशाच मागे गेल्या आणि पाणीपुरीच्या गाडीला जाऊन टेकल्या. गाडीवाल्यानं गिऱ्हाईक समजून विचारलं, "बेन, तीखी के मीठी?" मॅडमनी मान न वळवता सांगितलं, "अक्षर अजून बारीक वाटतंय." त्यांची उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, पण दुकानात नाव पडलं सहाफुटी मॅडम.

दुकान सुरतमध्ये, पांडेसऱ्यात. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळे फ्लेक्स तिथे छापतात. मी फ्लेक्सच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा ठोकतो. त्याआधी अठरा वर्षं बमरोलीला कापडाच्या लूम खात्यात होतो. शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत गुरुजी म्हणाले, "तू घरी बसलास तरी चालेल," तो हुकूम मी आजपर्यंत पाळतोय. मराठी वाचतो, पण बैलगाडीच्या चालीनं. राहायला कोसाडला एक खोली. बायको गेली, मुलगा गावाकडे शिरपूरला. आमचं दोघांचं बरं जमतं, कारण आम्ही बोलतच नाही.

मॅडम एका कॉलेजात शिकवायच्या, पण कायमच्या नाही. दर वर्षी उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपायची आणि पावसाळ्यात परत लागायची. वय पंचेचाळीसच्या आसपास, एकट्या. लूमवर काम करणाऱ्यांचे कान कसे जातात, यावर त्यांचं संशोधन चाललेलं. त्याचं पोस्टर बनवायचं, मोठ्या कॉलेजात जाऊन लावायचं, शेजारी उभं राहायचं आणि येईल त्याला समजावून सांगायचं, असा तो कार्यक्रम असतो. मला आधी वाटलं की निवडणुकीला उभ्या आहेत.

दुकानात सगळे मला मागून हाका मारतात. शेठ मारतो, गिऱ्हाईक मारतं, आणि मी रिंगा ठोकत बसतो, मग त्यांना वाटतं माजलाय. मॅडमचं तसं नव्हतं. त्या टेबलाला वळसा घालून समोर यायच्या, मी वर बघेपर्यंत थांबायच्या, मग बोलायच्या. मी समजलो, बाईला आपला चेहरा आवडतो. त्या आठवड्यात मी दोनदा दाढी केली.

मग त्यांनी मला कामाला लावलं. "रघुभाऊ, इकडे उभे राहा. वाचू नका. नुसतं बघा आणि सांगा काय दिसतं." अक्षरं इंग्रजी, त्यामुळे न वाचण्याचं काम मला छान जमलं. मधे एक रेघ होती, वरून निघून खाली येणारी. मी म्हटलं, "कोणीतरी डोंगर उतरतंय."

"हळू उतरतंय की धावत?"

"आधी धावत. मग दमल्यासारखं हळूहळू."

मॅडम कॉम्प्युटरवाल्या जिग्नेशकडे वळल्या आणि म्हणाल्या, "खालचा सगळा मजकूर काढून टाका. यांना कळलं." जिग्नेशनं तो मजकूर दोन तास बसून टाईप केला होता. तो मला दिवसभर खुन्नस देत होता.

मी चहाच्या टपरीवर सांगून आलो की मी हल्ली कॉलेजचं संशोधन तपासतो. टपरीवाला आमच्याच भागातला, अमळनेरकडचा. म्हणाला, "आधी तुनं आधार कार्ड तपास रे भो, त्यावर बाई लिहेल शे." ते खरं आहे. तिथे अजून बाईच लिहिलंय.

पुढे जिग्नेशनंच माझा फुगा फोडला. "काका, त्यांना सगळ्यात अडाणी माणूस पाहिजे होता, म्हणून तुम्ही." मी मॅडमना विचारलं. दुसरं कोणी असतं तर सारवासारव केली असती. त्या म्हणाल्या, "हो. शिकलेला माणूस कळलं नाही तरी मान हलवतो. मला खरं सांगणारा पाहिजे होता." आता त्यांना काय सांगू, की मान हलवण्यात सुरतमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. अर्धं ऐकूच येत नाही, मग दुसरं करणार काय? लूम सोडली तेव्हा कान तिथेच ठेवून आलो. शेठला कळलं तर काढून टाकेल, म्हणून सगळ्यालाच हो.

त्यांच्या काही गोष्टी माझ्या डोक्यात पक्क्या बसल्यात. तीनापेक्षा जास्त रंग दिसले की म्हणायच्या, "हे पोस्टर आहे की हळदीकुंकू?" पोस्टरच्या पुढे उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, "घरच्या माणसानं दार अडवायचं नसतं." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोकळी जागा. त्यांच्या पोस्टरवर निम्मी जागा कोरी असायची. आमच्या धंद्यात हे पाप. फ्लेक्स फुटावर विकतात. गिऱ्हाईक म्हणतं, इंच सोडू नका, नेता टाका, देव टाका, मेव्हणा टाका. शेठ कळवळून म्हणायचा, "बेन, आटली जग्या खाली छे, कांई तो भरो!" मॅडम म्हणायच्या, "शेठ, घरी पाहुणा आला तर त्याला बसायला जागा लागते ना? डोळ्यालाही लागते."

रविवारी त्यांचं छापायचं काम नसलं तरी यायच्या. डबा दुकानातच खायच्या. आणि बोलायचं काय त्याची तालीम माझ्यासमोर, दोन मिनिटांत बसवायची. एका रविवारी डबा बंद करताना म्हणाल्या, "रघुभाऊ, तीन वेळा पोस्टर लावलं मी. आजवर एकानंही शेवटपर्यंत ऐकलं नाही. एक जण थांबला होता. मला वाटलं ऐकतोय. त्याला पेन पाहिजे होतं." मग म्हणाल्या, "एकानं ऐकलं ना, तरी पुरे."

चौथं पोस्टर बारडोलीकडच्या एका कॉलेजात लावायचं होतं. आदल्या दिवशी मॅडमची परीक्षेची ड्यूटी होती, त्यामुळे त्यांना बघायला यायला जमलं नाही. त्यांनी दुकानात फोन केला, छापून ठेवा, आणि रघुभाऊंना सकाळी ते घेऊन बसनं पाठवा. दुपारी पोस्टर मशीनमध्ये जाणार, तेवढ्यात माझी नजर खालच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे मॅडमचं नाव, एकटंच. आमच्याकडे गल्लीतल्या कुत्र्यानं वाढदिवस केला तरी खाली चाळीस शुभेच्छुक असतात. एवढी शिकलेली बाई, आणि तिच्या नावाच्या आजूबाजूला कोणी नाही. मला ते बघवेना. मी जिग्नेशला म्हटलं, "कडेनं झेंडूच्या माळा टाक. खाली शुभेच्छुक लिही आणि माझा फोटो लाव." तो म्हणाला, "मॅडमनी सांगितलंय?" मी म्हटलं, "हो." फोटो एकच होता, भाच्याच्या लग्नातला, काळा गॉगल लावलेला.

सकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये मॅडमनी गुंडाळी उघडली. आधी झेंडू आले, मग डोंगर, आणि शेवटी मी. मी शेजारी हसत उभा, शाबासकीची वाट बघत. मॅडमनी फोटोवर बोट ठेवलं.

"शुभेच्छुक एकच?"

"अजून कोणी सापडलं नाही, मॅडम."

त्यांची नजर कोरी जागा शोधत पोस्टरभर फिरली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही शाबासकी काही मिळत नाही. दुसरं छापायला वेळ नव्हता. त्यांनी कोरे कागद मागून आणले आणि एकेक माळ झाकत गेल्या. फोटोवर कागद लावताना हात थोडा थांबला असं मला वाटलं; पण मला बरंच काय काय वाटतं.

तीस-चाळीस पोस्टरं होती. लोक येत होते, जात होते, चहा घेत होते. मॅडम बाजूला उभ्या, हात मागे बांधून, चेहरा तयार. कोणी जवळ आलं की थोडं पुढे व्हायच्या. माणूस निघून गेला की परत जागेवर. मी भिंतीला टेकून मोजत होतो. अकरा जणांसाठी त्या पुढे झाल्या.

मग परीक्षक आले, दोघं. मॅडमनी सुरू केलं. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं, आणि वरच्या एसीच्या वाऱ्यानं कागद सुटला. एक सुटला तसे बाकीचेही सुटले. माळा बाहेर आल्या, गॉगल बाहेर आला. एक परीक्षक वाकून बघायला लागला, दुसऱ्यानं मागे वळून माझ्याकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं, आणि दोघं असे हसले की शेजारची पोस्टरंही हलली. मोबाईलवर फोटो काढला. माझ्या पाठीवर थाप मारली. आणि गेले. मॅडमचं तिसरं वाक्य तोंडातच राहिलं.

आयुष्यात मी बऱ्याच जणांची कामं बिघडवलीत, पण शुभेच्छा देऊन बिघडवलेलं हे पहिलंच.

मग मी कापड मार्केटची युक्ती केली. तिथे दुकानदार आपलाच माणूस गिऱ्हाईक करून उभा करतात. एक थांबला की दहा थांबतात. मी पोस्टरसमोर उभा राहून मोठ्यानं "वा! वा!" करायला लागलो. दोन मुली आल्या, मला बघितलं, फोटोला बघितलं आणि पळाल्या.

जेवणाची वेळ झाली, हॉल रिकामा झाला. मॅडम कागद गोळा करत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "मला सांगा."

"तुम्हाला पाठ आहे सगळं."

"दुकानात मशीन चालू असायचं, मॅडम. मला त्यातलं काही ऐकू आलेलं नाही. नुसती मान हलवली."

त्यांनी कागद खाली ठेवले. "माहीत आहे," म्हणाल्या. "मी समोर येऊनच का बोलते, तुम्हाला काय वाटलं?"

मी दाढीचं काही सांगितलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता, आणि त्या सावकाश, माझ्याकडे बघून, मराठीत बोलल्या. लूमचा आवाज कानाच्या आत काय करतो. आधी बारीक आवाज जातात, लेकरांचे, पाखरांचे. मग माणूस लोकांत बसायचं सोडतो, कारण दर वेळी 'काय?' म्हणायची लाज वाटते. घरचे समजतात की तिरसट झाला. मला वाटत होतं ही बाई कोसाडला माझ्या खोलीत येऊन बघून गेलीय. दोन मिनिटांचं भाषण, पण वीसेक मिनिटं चाललं असेल. मी हललो नाही.

शेवटी त्यांनी शिस्तीत विचारलं, "काही प्रश्न?"

मी रेघेवर बोट ठेवलं. "हा उतरलेला माणूस परत वर चढतो का?"

"नाही, भाऊ." लगेच म्हणाल्या. "आहे तिथे थांबवता येतं. कानाचं मशीन लावलं तर थोडं बरं ऐकू येतं. वर नाही चढत."

मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि आम्ही पोस्टरखाली बसून जेवलो. गॉगलवाला वरून बघत होता.

त्यांनी मला मोठ्या दवाखान्यात नेऊन कान तपासून घेतले, मशीनही मिळवून दिलं. उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपली, आणि पावसाळ्यात लागली नाही. अकोल्याला भावाकडे जायचं ठरलं. जाताना दुकानात आल्या, दोन बॅगा रिक्षात ठेवून. छापायला काहीच नव्हतं, त्यामुळे कोणालाच काय करावं कळेना. शेठनं उगीच खुर्ची पुसली. मॅडम समोर येऊन म्हणाल्या, "फोन करीन, रघुभाऊ." मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जातं.

फोन येतो, रविवारी. माझा फोन बटणांचा. कानाच्या मशीनला तो लावला की अशी शिट्टी वाजते की कोसाडची कुत्री जमा होतात. मशीन काढलं तर तिकडे मॅडम बोलतायत की मुंगी, ते कळत नाही. पहिले काही रविवार मी नुसतं "हो मॅडम, हो मॅडम" केलं. फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटायची. मग एकदा सांगूनच टाकलं. "मॅडम, मला काही ऐकू येत नाही. तुम्ही बोलू नका. मीच बोलतो."

तेव्हापासून मी फोन कानाला लावत नाही. तळहातावर समोर धरतो आणि बोलतो. कोणाचा फ्लेक्स छापला, शेठ कोणावर ओरडला, डाळ करपली, मुलगा या दिवाळीलाही आला नाही. काचेवर किती वेळ झाला त्याचे आकडे पळत असतात. आकडे मला वाचता येतात. नऊ मिनिटं, बारा मिनिटं, एकदा तर एकवीस. तिकडून काय म्हणतात, हसतात का, मला माहीत नाही. मी शेवटी "संपलं, मॅडम" म्हणतो, मग त्या तिकडून फोन ठेवतात आणि ते आकडे थांबतात. त्याच्या आधी एकदाही थांबलेले नाहीत.