डिमरवरचा छोटा हॅलोजन

सेलूत आमच्या शेजारी राहणारा हा माणूस कापसाची दलाली करतो आणि दिवसभर फोनवर ओरडत असतो. दिवेलागणीला मात्र देवघराशेजारच्या छोट्या हॅलोजन बल्बच्या डिमरचं बटन तो इतकं सावकाश फिरवतो, की बघणाऱ्याला जांभई यावी. बल्बच्या अगदी जवळ त्याची म्हातारी आई बसलेली असते. दिवा लागला की ती हात जोडते.

"एलईडी लावा की, बिल कमी येईल," असं मी सारखं म्हणायचो. शेवटी त्यानं लावला. जुन्या डिमरवर तो नुसता लुकलुकला. दुसऱ्या दिवशी बघतो तर पुन्हा हॅलोजन.

"डिमरवर चालणारा एलईडीपण मिळतो," मी म्हणालो.

"लुकलुकायचं काय न्हाई हो भाऊ. माय हातच जोडंना. लाईट आली न्हाई का रे, म्हणून इचारायली."

"समोर दिवा असून?"

"दिसतंय कुठं तिला आता?" असं म्हणत तो बटन फिरवू लागला.

म्हातारीनं चेहरा बल्बकडे केला. मला राहवेना, मीही हळूच तिथं तळवा धरला. ऊब लागली, आणि त्याच वेळी तिनं हात जोडले.