शुद्ध मराठीतला टोप

ही गोष्ट आमच्या बिबवेवाडीत मी कुणालाच सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही लांब राहता. पण आधी तो कप खाली ठेवा बरं, नाहीतर अंगावर सांडून घ्याल. अशी फजिती झालीय माझी! आणि झालीय म्हणजे काय, अजून चालूच आहे.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणी भजनाला गेल्या, मी जुन्या बाजारात गेले. तिथे मला जुन्या हॅटचा नाद लागला. जमवायच्या, दुरुस्त करायच्या आणि घालून हिंडायचं. कसर लागलेली लोकरी फेल्ट हॅट मिळाली की मला कोण आनंद! किटलीच्या तोंडाशी धरून वाफ द्यायची, चेमटलेला भाग बोटांनी हळूहळू उचलायचा, आतली घामाने कडक झालेली चामड्याची पट्टी उसवून नवी शिवायची. दोन-दोन आठवडे जातात एकेकीत.

लोणी काळभोरला एका लग्नाला गेले होते, तर गोठ्यात जुनी साहेबी सोला हॅट उलटी ठेवलेली. आत कोंबडी.

"ही कुणाची हो?" मी विचारलं.

"आज्ज्याची हाय. कालव्यावर मुकादम हुता."

"मला द्याल?"

"न्या की. पर कोंबडीला इचारा."

कोंबडीला नाही विचारलं. आणली.

घालून मंडईत गेले की लोक बोलणारच. एक भाजीवाली दर वेळी विचारते, "बाई, शूटिंग कुठं हाय?" आणि पेठेतले एक सद्गृहस्थ तर नुसते थांबले, वर आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या बाजूला ऊन जास्त पडतं का?" बोलोत बापडे. छंद म्हटला की एवढं सोसावंच लागतं.

आता माझी खोड सांगते. सगळं रामायण त्या खोडीमुळे घडलं. मला मराठीत इंग्रजी शब्द खपत नाही. "हॅट" हा काय शब्द आहे? हॅट्! असं आपण दुधाशी आलेल्या मांजराला म्हणतो. बरं, "टोपी" म्हणावं, तर "बाई लोकांना टोप्या घालतात" याचा पुण्यात भलताच अर्थ होतो. मग मी ठरवलं, टोप! साहेबाचा तो टोप. भारदस्त, सुटसुटीत, आपला.

आणि सोसायटीच्या फलकावर मी सुवाच्य अक्षरात कागद लावला. "जुन्या टोपांची काळजीपूर्वक दुरुस्ती करून मिळेल. विनामूल्य. केवळ आवड म्हणून." खाली नाव आणि फोन.

आमच्या ह्यांनी तो चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला.

"शेजारी एखादं चित्र काढ," हे म्हणाले.

"चित्र कशाला? शब्द पुरेसा आहे."

"शब्द पुरेसा आहे, म्हणूनच म्हणतोय."

ह्यांचं बोलणं हे असं. अर्ध्यात सोडायचं आणि पेपर उघडायचा.

दुसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या म्हात्रेवहिनी आल्या. माहेर-सासर दोन्ही कोकणातलं. हातात हे एवढं ॲल्युमिनियमचं पातेलं!

"बाई, टोपाचा कान तुटलाय बघा. भात उतरवताना हात भाजतो."

"वहिनी, हा टोप नाही. हे पातेलं आहे."

"आमच्यात टोपच म्हणतात."

"पुण्यात पातेलं म्हणतात."

"मग पुण्यातल्या पातेल्याला कान लावून द्या!" असं म्हणून त्या पातेल्यासकट गेल्या. पेपरामागून आवाज आला, "कल्हई करतेस का, तेही लिही." मी लक्ष दिलं नाही. एका भाषिक गैरसमजाने डगमगणारी मी नव्हे!

मंगळवारी दुपारी फोन आला. पुरुषाचा आवाज, दबका. मागे नळ धो-धो सोडलेला.

"बाई, मी आपल्याच सोसायटीतला. नाव आत्ता विचारू नका. ते टोपाचं… खरंच करता?"

"अगदी खरं. किती जुना आहे?"

"बारा वर्षं झाली. रोजच्या वापरातला."

रोजच्या! माझं मन भरून आलं. आमच्या सोसायटीत कुणी रोज टोप घालतं आणि मला पत्ता नाही? मागच्या फाटकाने ये-जा करणारा असणार.

"रंग कोणता?"

"मुळात काळा होता हो. आता उन्हाने तांबूस मारतो."

"आतली पट्टी?"

"घामाने सुटलीय. परवा गच्चीवर वारा आला, तर हाताने धरून ठेवावा लागला. काय अवस्था झाली म्हणून सांगू!"

"होतं तसं. कशाने धुता?"

"शाम्पूने."

"शाम्पू?" मी ओरडलेच. "अहो, टोपाला शाम्पू लावतं का कुणी? वाट लागेल! नुसती वाफ द्यायची आणि मऊ ब्रश फिरवायचा. असं करा, माझ्याकडे चार दिवस ठेवून जा."

"ठेवून? मग मी घराबाहेर कसा पडू?"

तुमच्या लक्षात आलेलं दिसतंय. हसू नका, माझ्या नाही आलं! मला वाटलं, काय ही निष्ठा! टोपाशिवाय घराबाहेर पाऊल नाही!

"घरच्यांना कौतुक आहे ना?"

"फक्त बायकोला माहीत आहे. मुलीलासुद्धा सांगितलेलं नाही."

"अहो, चोरून काय घालता? उजळ माथ्याने मिरवा! माझ्याकडे बघा. माझ्याकडे एकेचाळीस आहेत."

नळ बंद झाला.

"ए-के-चा-ळीस? म्हणजे बाई, तुम्हीसुद्धा?"

"मग! रोज वेगळा घालते."

"कधी कळलं नाही हो. इतके खरे वाटतात…"

"वाटतात काय, खरेच आहेत! नक्कल मी दारातही उभी करत नाही."

ते गृहस्थ म्हणाले, "बाई, तुम्ही मला फार धीर दिलात."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या भरात मी जाहीर करून टाकलं, येत्या रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या टोपांचं प्रदर्शन. "पण पहिला मान तुमचा," मी म्हटलं. "उठा, सगळ्यांसमोर टोप काढा आणि त्याची हकिगत सांगा. मग माझे दाखवते."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर! कुणी हसलं तर मी आहे."

बुधवारपासून सोसायटीची वागणूकच बदलली. लिफ्टमध्ये बायका मला आधी आत जाऊ द्यायला लागल्या. म्हात्रेवहिनी, पातेल्यावरून रागावलेल्या, त्या स्वतःहून बाटली घेऊन आल्या.

"माका घालून उकळलंय तेल. मुळं शिल्लक असतील तर फरक पडेल."

मला कळेना, फेल्टला मुळं कुठली? पण माणूस प्रेमाने देतं, घेतली. वरच्या मजल्यावरच्या पाटणकरबाईंनी जिन्यात माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं आम्हाला जाणवूसुद्धा दिलं नाहीत. किती धीराच्या हो तुम्ही!"

पुण्यात बाईमाणसाने टोप घालून हिंडायचं, तर धीर लागतोच. मी नम्रपणे मान लववली.

"अहो, लोकांना अखेर माझ्या छंदाची किंमत कळली," मी ह्यांना सांगितलं.

हे म्हणाले, "मला नाही वाटत."

रविवारी हॉल गच्च. अहो, वार्षिक सभेला कधी दहा डोकी जमत नाहीत, त्या दिवशी लोक खिडकीत उभे! लांब टेबलांवर मी एकेचाळीस टोप मांडले होते. प्रत्येक लाकडी ठोकळ्यावर चढवलेला, वर पांढऱ्या चादरी. चादरींखाली एकेचाळीस गोल उंचवटे. लोक ते उंचवटे बघत होते आणि काय शांतता! मला वाटलं, ही कलेपुढची शांतता. मी स्वतः निळ्या फितीची फेल्ट घातली होती.

"आता आपल्यातलेच एक टोपप्रेमी आधी पुढे येतील," मी म्हटलं.

आणि उठले कोण? दामले! सोसायटीचे सेक्रेटरी. गाडी दोन बोटं रेषेबाहेर गेली तरी चिठ्ठी चिकटवणारे, कडक इस्त्रीचे दामले. हातात काही नाही. डोक्यावर काही नाही. नुसता नीट पाडलेला भांग.

टोप विसरले वाटतं घरी, असं मनात येतंय तोवर दामल्यांनी दोन्ही हात कानांपाशी नेले, डोळे मिटले आणि तो भांग उचलला!

अख्खा. भांगासकट केस! आणि खाली तुळतुळीत गोटा.

मंगळवारचा तो फोन, शाम्पू, तांबूस रंग, गच्चीवरचा वारा, दामल्यांच्या बायकोने सोसायटीभर केलेली माझ्या एकेचाळीसांची बातमी, सगळं एका क्षणात उलगडलं. आणि जिला चालत्या बसमधून असली फेल्ट ओळखू येते, तिला दर महिन्याला समोर बसणाऱ्या माणसाच्या डोक्यावरचा टोप बारा वर्षांत ओळखता आला नाही! शेजारी म्हात्रेवहिनी पुटपुटल्या, "त्यात काय, सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कुणी?"

दामले तो केसांचा टोप हातात धरूनच बोलायला लागले.

"बारा वर्षं मी भीत भीत जगलो. लिफ्टमध्ये पंख्याखाली उभा राहिलो नाही. नातवाला खांद्यावर घेतलं नाही, तो केस ओढतो म्हणून. पण बाई म्हणाल्या, उजळ माथ्याने मिरवा. मंडळी, त्यांचं दुःख माझ्याहून मोठं आहे. त्यांच्याकडे एकेचाळीस आहेत! त्या वरून हॅट घालतात म्हणून आपण हसायचो. आज कळलं ना? वाऱ्याने टोप उडू नये म्हणून!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दामल्यांची बायको पदराने डोळे पुसत होती. मुलगी पुढे आली, बापाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, मला दहावीपासून माहीत आहे." दामले रडता रडता हसायला लागले. मग ते माझ्याकडे वळले. सगळा हॉल वळला.

"बाई," दामले म्हणाले, "आता तुम्ही."

सांगा, काय करायचं माणसाने? खरं बोलायचं? "दामले, माझ्या मनात हॅट होती"? ज्या माणसाने माझ्या शब्दाखातर शंभर लोकांत डोकं उघडं केलं, त्याला सांगायचं की तुम्ही चुकून काढलात, घाला परत? एका वेलांटीसाठी मी मुलांचे गुण कापलेत हो, पण त्या क्षणी शब्दाचा अर्थ दुरुस्त करायला माझी जीभ उचलेना.

मी नुसती माझी हॅट काढली. हो, हॅट! आता कसला टोप न् काय. काढली आणि दामल्यांपुढे मान लववली.

हॉलमध्ये एकदम कुजबुज.

"किती बेमालूम आहे!"

"तरी मी म्हणतच होते, या वयात एवढे दाट केस कुणाचे असतात?"

"पांढरे मध्ये मध्ये किती हुशारीने पेरलेत!"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बुडत्या माणसाने काठाकडे पाहावं तसं. शेजारच्यांनी ह्यांना विचारलंच, "खरं का हो?" तर हे महाशय म्हणतात, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. मी कधी ओढून पाहिले नाहीत."

चादरींकडे माझा हात गेला, तशी पाटणकरबाई धावत आल्या. "राहू द्या हो, एकदम नको. दामल्यांचं झालं ना आज? तुमचं सावकाश." आणि लोक चहाकडे वळले. वर्षानुवर्षं खपून सजवलेले माझे एकेचाळीस नग कुणीही न बघता परत गेले, चादरीत गुंडाळून, तेही मागच्या जिन्याने. उचलायला ह्यांनी मदत केली.

दामले आता मोकळ्या डोक्याने हिंडतात. नातू खांद्यावर. भेटले की मला मुद्दाम नमस्कार करतात आणि हळूच म्हणतात, "बाई, घाई नाही. तुम्हाला वाटेल तेव्हा." मी मान हलवते.

परवाचंच सांगते. रविवार होता. न्हायले आणि केस मोकळे सोडून गॅलरीत उन्हाला उभी राहिले. समोरच्या इमारतीतून म्हात्रेवहिनींची जाऊ, मला नीटशी ओळखतही नाही ती, पोटतिडकीने ओरडली. आठही मजले ऐकत होते.

"अहो बाई, ओला डोक्यावर कशाला ठेवलाय? सर्दी होईल! काढा आणि दोरीवर वाळत घाला!"

आणि मी काय म्हटलं असेल?

"हो हो, चिमटे आणते," म्हणून आत गेले.