पाचापेक्षा कमी

जुन्या काळातले युरोपातले विद्यार्थी कसे जगत, हे मी जबलपूरच्या एका कॉलेजात अर्धं आयुष्य शिकवत आलो. उजाडायच्या आधी सुरू होणारे तास, बाक नाहीत म्हणून जमिनीवर पसरलेला पेंढा, थंडीनं आखडलेली बोटं. मला दुसरं काही मनापासून शिकवता येत नाही.

यंदा सुरुवातीला सहा-सात जण होते. पहिल्याच तासाला मी त्यांना इटलीतल्या बोलोन्या शहरातला जुना नियम सांगितला. तिथे मास्तरांवर विद्यार्थ्यांचं राज्य होतं. तासाला पाचापेक्षा कमी पोरं आली तर मास्तरच गैरहजर धरला जाई. पोरं खूप हसली. मीही हसलो, तेव्हा माझं काय जात होतं?

दिवाळीनंतर एकेक जण गळाला. उरली पनागरहून बसनं येणारी एक मुलगी, घरी मराठी बोलणारी. वर्ग रिकामा झाला की विषय बंद, असं प्राचार्यांनी बजावलेलं. माहेरपणाला येणाऱ्या लेकीची पाहावी तशी मी तिच्या बसची वाट पाहू लागलो.

वर्गाच्या खिडकीची काच फुटलेली होती. जानेवारीत ती कुडकुडत म्हणाली, "सर, घरून तणस आणू का बसायला, त्या पोरांच्या पेंढ्यासारखं? ढीग पडून राहिला आमच्याकडे."

मग तिनं विचारलं, "ते पोरं शिकून पुढे काय करत?"

काही पाद्री झाले, काही कारकून, म्हणालो. बरेच गावोगाव गाणी म्हणत, मागून खात फिरले.

"म्हणजे त्यांचंही तेच," ती म्हणाली. उगाच खरं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ती दारातच थांबली. "उद्यापासून नाही येणार, सर. बाबांनी पटवारीच्या परीक्षेची कोचिंग लावून दिली. नाराज नका होऊ."

"अच्छा. मी काहून नाराज होऊ?" मी म्हणालो. खरं तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिचा राग, तिच्या बापाचा राग, अख्ख्या पनागरचा राग. आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं, याचा सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर वर्गात गेलो आणि तास संपेपर्यंत बाकांकडे बघत बसलो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "काहून जी, चेहरा असा? कॉलेजात नाही गेले का?"

"गेलो होतो," मी म्हणालो. "हजर नव्हतो."