सदूच्या पडवीतला नंबर

रेश्मा ढेबे काम करायची तेव्हा तिचे हात मांडीवर असायचे. समोरच्या पडद्यावर पान आपोआप उघडायचं, रिकाम्या चौकटीत एकेक अक्षर उमटायचं, नाव, गाव, वय. मग बाण सरकायचा, बटण दाबलं जायचं आणि पुढचं पान यायचं. चहा घेऊन येणाऱ्या बनुबाई हे पहिल्यांदा बघून दारातच थबकल्या.

"हात कुणाचा चालतोय गो?"

"माझाच," रेश्मा म्हणाली. "काय करायचं ते काल शिकवून ठेवलंय."

महाडच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत सुनीलदादांचं ऑफिस होतं. २००८ साली त्यांनी एका धर्मादाय नेत्र रुग्णालयाची वेबसाइट करायला घेतली होती. मोतीबिंदूच्या रुग्णाने पोलादपूरच्या केंद्रावर नाव घालायचं, शस्त्रक्रियेची तारीख मोबाईलवर येणार आणि त्या दिवशी रुग्णालयाची जीप फाट्यावरून त्याला घेऊन जाणार. वेबसाइटवरचा मराठी मजकूर लिहायला मला बोलावलं होतं, म्हणून तो पावसाळा मी रेश्माच्या शेजारच्या खुर्चीत काढला.

ती पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या धनगरवाडीतली. तिचे वडील भिकाजी म्हशी राखायचे. नव्या रानात जनावरं न्यायच्या आधी ते एकटे जाऊन यायचे. नुसतं गवत बघून परतायचे नाहीत, पाण्यापर्यंतची आणि तिथून गोठ्यापर्यंतची सगळी वाट चालून बघायचे. "गवत ब्येस असतं, पण मधला वहाळ उतरता येत नाय," असं ते म्हणायचे. रेश्मा हे सांगताना हसायची, पण तिच्या कामाची रीत तीच होती. सुनीलदादा एकेक पान वेगळं तपासत. रेश्माचं म्हणणं, पान चालून काय उपयोग, माणूस पोचला पाहिजे. तिने लिहिलेल्या टेस्ट, म्हणजे आपोआप चालणारे तपासणीचे प्रोग्रॅम, एका खोट्या रुग्णाला हाताशी धरून सगळीकडे फिरवून आणायच्या. पोलादपूरला त्याचं नाव घातलं जायचं, रुग्णालयाच्या पडद्यावर ते दिसतंय का बघितलं जायचं, मोबाईलचा संदेश निघाला का, जीपवाल्याच्या पानावर त्याचा फाटा आला का. सगळं जुळलं तर हिरवी ओळ. कुठेही तुटलं तर लाल.

या कामात तिचं स्वतःचं एक माणूस अडकलेलं होतं. तिची आत्या गोदूबाई दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन वाडीत बसली होती आणि म्हशीची धार हाताच्या अंदाजाने काढत होती. मागच्या साली ती एका शिबिरासाठी डोंगर उतरली, तर नाव सापडत नाही म्हणून तिला परत पाठवलं. वर चढताना तिने भिकाजींना बजावलं होतं, "आता नाव पक्कं हाय असं रेश्मीनं सांगितल्याबिगर मी खाली यायची नाय. आंधळी होऊन बसेन." आणि रेश्माने शब्द दिला होता की पाऊस संपायच्या आत डोळा करू.

वेबसाइट सोमवारी उघडायची होती. रुग्णालयाचे विश्वस्त येणार होते. त्याआधीच्या शनिवारी सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या. मग रेश्मा म्हणाली, दोन खरी नावं घालून बघू. पोलादपूर केंद्रावरच्या सुरेखाताईंनी फोन कानाला लावून पहिलं नाव घातलं, गोदूबाई ढेबे. आमच्या पडद्यावर ते लगेच आलं. दुसरं घातलं, त्याच वाडीतल्या धोंडूचं. तेही आलं. पण त्याच क्षणी गोदूबाई नाहीशी झाली.

"ताई, तुम्ही काही पुसलंत का?"

"मी कशाला पुसू? तुझ्या आत्याला पुसायची माझी टाप आहे का?"

रेश्माने कपाळाला हात लावला. "दोघांचा नंबर कुठला घातलात?"

"एकच की. सदूचा."

अख्ख्या वाडीत मोबाईलची रेंज एकाच ठिकाणी यायची, कड्याच्या टोकाला असलेल्या सदूच्या पडवीत. त्यामुळे वाडीचा नंबर एकच. कुणी काही सांगितलं की सदू पडवीतून हाका मारायचा. आणि आमच्या वेबसाइटचा नियम होता, एका नंबरावर एक रुग्ण. दुसरा आला की पहिला पुसायचा. दुबार नोंद नको म्हणून रुग्णालयानेच तो मागितला होता. रेश्माच्या टेस्ट मात्र प्रत्येक खोट्या रुग्णाला नवाकोरा नंबर देत होत्या. एकमेकांत अडकू नयेत म्हणून तिनेच तशी सोय केली होती.

"शहरातल्यासारखा प्रत्येकाच्या खिशात मोबाईल दिला मी," ती म्हणाली. "मी! सदूच्या पडवीत रांग लावून वाढलेली."

सुनीलदादा घड्याळाकडे बघत म्हणाले, "सोमवारी उघडू, मग बघू. तोवर वाडीला सांग, दुसरा मोबाईल घ्या."

"मोबाईल घेतील दादा. रेंज कुठून आणतील?"

"एका वाडीसाठी थांबायचं?"

"वर कुठल्याही वाडीत विचारा. प्रत्येकीचा एक सदू हाय." घाईत तिच्या तोंडी वाडीची भाषा यायची. "उघडायचं तर उघडा. पण ही ओळ हिरवी हाय असं माझ्या तोंडून येणार नाय."

तिने आवाज चढवला नव्हता. दादांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढली.

रेश्माने नवी टेस्ट लिहिली. त्यात गोदूबाई, धोंडू, वाडीतले सगळे म्हातारे आणि सगळ्यांच्या मागून चांगू एकाच नंबरावर नाव घालत होते, आणि शेवटी प्रत्येकजण जीपमध्ये बसलेला दिसला पाहिजे होता. पहिल्यांदा चालवली तेव्हा जीपमध्ये एकटा चांगू. लाल. दादांनी नियम बदलला. आता माणूस नंबरावरून नाही, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव आणि गाव यांवरून ओळखायचा. रविवारी दुपारी जीप भरली.

तरी रेश्मा थांबली. तिने निघालेले संदेश एकाखाली एक लावले. मी लिहिलेलं वाक्य सगळीकडे तेच होतं: आपली शस्त्रक्रिया अमुक तारखेला आहे.

"वाक्य छान हाय," ती मला म्हणाली. "आता पडवीतून ओरडून दाखव."

मी 'आपली' काढलं आणि तिथे नावाची जागा केली. सोमवारी विश्वस्त आले, नारळ फुटला, वेबसाइट उघडली आणि सुरेखाताईंनी दोन्ही नावं पुन्हा घातली. त्याच संध्याकाळी सदूची हाक वाडीभर गेली, "गोदूबाय गो, तुझी तारीख आली! धोंड्या, तुझी पण!"

नाव पक्कं असल्याचा रेश्माचा निरोपही पडवीत पोचला, आणि गोदूबाई डोंगर उतरली.

दिवाळीच्या आधी ती काळा चष्मा लावून आमच्या ऑफिसात आली. रेश्माच्या मागे उभी राहून पडद्यावर उमटणारी अक्षरं बघू लागली. वाचता येत नव्हतं, पण एकेक अक्षर मोजल्यासारखी मान हलत होती.

"हे कुणाचं नाव लिवतंय?"

"तुझं, आत्या. रोज सकाळी पहिलं तुझंच."

"रोज मला दवाखान्यात धाडतेस व्हय? बरी झाले तरी?"

"तू पोचलीस की मग बाकीच्यांची काळजी नाय."

गोदूबाईने चष्मा जरा वर केला. ओळ हिरवी झाली होती.

"धाड बाई," ती म्हणाली. "पण जीपमधी धोंड्याच्या बाजूला नको बसवू. सारखा तंबाखू थुकतो."