बाबांनी बांध सोडला तेव्हा

माझ्या वडलांचं तोंड वाईट होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी त्यांना सोज्वळ म्हातारा समजायला नको. शेणव्याजवळच्या आमच्या गावात ते शिव्यांसाठीच ओळखले जायचे. बैलाला शिव्या, पावसाला शिव्या, ग्रामसेवकाला तर त्याचं तोंड दिसायच्या आधीच. पण सगळ्यात खास शिव्या राखून ठेवलेल्या असायच्या शेजारच्या शेतातल्या चुलत भावासाठी. हा माझा काका दर पावसाळ्यात नांगर धरला की दोन शेतांमधला बांध आमच्या बाजूने तासायचा. फार नाही, चार बोटं. बाबा चिखलात उभे राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्या सात पिढ्या आपल्याही आहेत, हे त्यांना कधी सुचलं नाही. मग आई घरातून ओरडायची, "पुरे आता, भाकरी थंड होते," आणि दोघं भाऊ आपापल्या घरी जेवायला जायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी एका वैशाखात आई गेली. बाबा रडले नाहीत, आणि हळूहळू गप्प झाले. याचा सगळ्यांना केवढा आनंद!

मी मुरबाडला सासरी होते. घरी धाकटा भाऊ आणि वहिनी. भाऊ कसाऱ्याला रेल्वेत कामाला, बारावी शिकलेला, म्हणजे घरातला विद्वान. मी माहेरी गेले की तो आनंदाने सांगायचा, "ताई, बाबा एकदम सुधारले. आवाज म्हणून नाही." वहिनी सांगायची, ताटात काय वाढलं ते बघतसुद्धा नाहीत, गुमान जेवतात. अर्धं टाकून उठतात, हे ती हळूच सांगायची, कारण त्यातही तिला सोयच वाटत होती. बाबा पहाटेपासून ओटीवर भिंतीला टेकून बसलेले असायचे. दाढी वाढलेली. कोणी आलं-गेलं त्यांना कळायचं नाही.

गावात एक बुवा होते, दुसऱ्यांच्या घरी चहा पिऊन ज्ञान वाटणारे. ते म्हणाले, "विरक्ती आली त्यांना. पुण्यवंतालाच येते." विरक्ती! आमटीत मीठ कमी पडलं तर तीन घरं ऐकतील असं बोलणाऱ्या माणसाला विरक्ती! पण गावाने ते मान डोलावून ऐकलं. आमच्याकडे म्हातारा कोपऱ्यात गप्प बसला की तो शहाणा. त्याने मागितलं नाही, भांडला नाही, जेवला नाही, तर तो आणखी शहाणा. पूर्ण शहाणा होईपर्यंत लोक वाट बघतात आणि मग तिरडी बांधायला पळत येतात. मला हे काही पटत नव्हतं, पण काय चुकतंय तेही नेमकं बोट ठेवून दाखवता येत नव्हतं.

पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावची जत्रा भरली. काका बैल बघायला आला होता, तो वाकडी वाट करून मुरबाडला माझ्या घरी आला. हा माणूस माझ्या दारात कधी आला नव्हता. मी पाणी दिलं, तेही कपाळाला आठ्या घालून. तो पाणी न पिताच म्हणाला, "पोरी, तुझा बाप अवंदा मला एक शिवी दिला नाय गो."

"मग बरंच झालं की तुमचं."

"आईक तर. पावसात मी बांध तासला. तो बघत उभा. काय बोलला नाय. आता भात झोडून झालं तवा माझ्याकडं आला आणि बोलला, घे रे, पायजे तेवढा बांध घे, मला काय करायचाय. मी नाय घेतला गो. मला भ्याव वाटला."

मग म्हणाला, "तुझ्या भावाला बोललो. तो हासला. बोलला, चला, भांडण मिटला."

चोर होता तो. पण माझ्या बापाच्या घरात काय होतंय, हे सगळ्या गावात त्या चोराला कळलं होतं, आणि कसाऱ्याच्या विद्वानाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी माहेरी गेले. घरी जायच्या आधी शेतावर गेले. त्या दिवसांत आमच्याकडे राबाची तयारी सुरू होते. झाडांच्या फांद्या तोडून त्यांची कवळं, म्हणजे भारे, रचायची, आणि पुढे ती शेणाबरोबर पसरून, वर गवत-माती टाकून, रोपांसाठी भाताचं बी पेरायची जागा भाजून काढायची. बाबांची कवळं गावात सगळ्यांच्या आधी रचलेली असायची आणि ज्यांची नाहीत त्यांना ते आळशी म्हणत हिंडायचे. आज आमच्या राबाच्या जागेवर एक काटकी नव्हती. काकाची रास मात्र पुरुषभर उंच.

ओटीवर बाबा बसले होते. भाऊ सुट्टीवर होता, वहिनी दारात. मी विचारलं, "बाबा, राब लावायचा नाही का?"

"कोनासाठी?" ते म्हणाले. "पावसाला मी कुठं हाय."

भाऊ लगेच म्हणाला, "रोपं विकत घेऊ ना आपण. त्यांना आराम पडेल." त्याला एवढंच ऐकू आलं.

मी बाबांच्या समोर खाली बसले. आमच्या घरात कोणी कोणाला असं काही विचारत नाही, पण मी विचारलं. "बाबा, मरावंसं वाटतं का तुम्हाला? स्वतःचं काही करून घ्यावं असं मनात येतं?"

भाऊ उडालाच. "ताई, काय बोलतेस! वास्तू तथास्तु म्हणत असते!"

"मग इतके दिवस वास्तू काय बहिरी होती?" मी म्हटलं.

बाबा माझ्याकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी ते कोणाकडे तरी बघत होते. "येतं गो बाय," ते म्हणाले. "रोज येतं." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "तूच पयली इचारलंस."

मला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप आला. एवढंच करायचं होतं. नुसतं विचारायचं होतं. ज्या लोकांना शेजाऱ्याच्या घरात काय शिजतं ते वासावरून कळतं, त्यांना हे विचारायला भीती वाटत होती, म्हणे बोललं की खरं होतं. न बोलता ते किती खरं होत चाललं होतं, ते बाबांच्या डोळ्यांत दिसत होतं.

मी विचारलं, काही ठरवलंय का? त्यांनी मागच्या खोपीकडे मान वळवली. तिथे फवारणीचं जे काही होतं ते सगळं मी उचललं आणि काकाच्या घरी नेऊन कुलपात ठेवायला दिलं. भावाला ते फार लागलं. "त्याच्या घरात? ज्याने आपला बांध चोरला?"

"बांधच चोरला ना," मी म्हटलं.

मी तिथेच राहिले. बाबांना एकटं सोडायचं नाही हे मी ठरवलं; मी नसले की काका येऊन बसायचा, दोघं एक शब्द न बोलता विड्या ओढायचे. आधी ज्या डॉक्टरकडे गेलो त्याने सलाईन लावलं आणि "वयामुळे होतं" म्हणून मोकळा झाला. गुडघा दुखला तर तेल चोळतात, मन दुखलं तर वय सांगतात. मी तिथेच भांडले. मग मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारांचा डॉक्टर बसायचा, तिथे बाबांना नेलं. त्याने झोप, जेवण, आई, सगळं बाबांनाच विचारलं, मला नाही. म्हणाला, हे म्हातारपण नाही, आजार आहे, बरा होतो. गोळ्यांचा गुण सावकाश येईल, मधेच बंद करू नका. भावाने गावात सांगितलं, बाबांना डोळे दाखवायला नेलंय. बुवांनी मोतीबिंदूवर अर्धा तास ज्ञान दिलं.

शिमग्याच्या सुमारास मी आणि काका आमचा राब लावत होतो. बाबांना बांधावर बसवलं होतं. मी फांद्या पसरायला लागले आणि मागून आवाज आला, घोगरा, पण आवाज. "आधी शेण गो! शेण खाली, कवळ वर! आयशीनं काय शिकवला तुला?" काकाचे हात थांबले. बाबा उठले, माझ्या हातातली फांदी हिसकावली, आणि स्वतः वाकले. मग मी मुरबाडला परत आले, दर पंधरवड्याला दवाखान्यात त्यांना मीच नेत राहिले.

आषाढात शेजाऱ्यांकडे माझ्यासाठी फोन आला. भाऊ एसटीडीवरून बोलत होता, आवाज चिरका झालेला. "ताई, बाबा परत बिघडले. काकाने बांध तासला तर यांनी अख्खं गाव गोळा केलं. काय त्या शिव्या! सात पिढ्या काढल्या. मला लाज वाटते बाहेर पडायची. त्या गोळ्या गरम पडल्या असणार. बंद करू का?"

"गोळ्यांना हात लावलास तर पुढच्या शिव्या माझ्या ऐकशील," मी म्हटलं. "काका काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार! नांगर सोडून चिखलात उभा राहिला, हसत होता आणि डोळे पुसत होता. म्हणतो, अजून दे रे, अजून दे." मग भाऊ आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, मला वाटतं दोघांनाही डॉक्टरकडे न्यायला पाहिजे."